कोळशाच्या डब्यातली हवा

"काका, तुमच्या बुटांवर पेट्रोल सांडलंय," ती मुलगी म्हणाली आणि गारबेद मार्डिगियननं खाली पाहिलं. बूट ओले होते. ते ओले आहेत हे त्याला मघापासून माहीत होतं, पण काच पुसायच्या बादलीतलं पाणी उडालं असेल असं धरून त्यानं तिकडे काणाडोळा केला होता. मुलगी शेजारच्या पंपावर उभी होती, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, ड्यूटी संपवून घरी निघालेली. तिनं नाक मुरडलं होतं. "केवढा वास येतोय! तुम्हाला नाही आला?" "आला, आला," गारबेद म्हणाला, आणि इतक्या घाईनं म्हणाला की त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं. मुलीनं कागदी टॉवेल ओढून त्याच्या हातात दिले. तो वाकून बूट पुसू लागला. बोटं गार पडली. पेट्रोल उडून जाताना कातडीला जो गारवा देऊन जातं तो त्याला नीट जाणवला. त्यानं कागद नाकाशी नेला. कागद होता, बस्स. ओला कागद. मुलगी गाडीत बसून गेली, तिच्या जागी दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तरी तो तसाच कागद नाकाला लावून उभा होता, आणि नव्या गाडीतला माणूस त्याच्याकडे संशयानं पाहत होता.

ट्रक त्याचा नव्हता. फाउलर गावच्या क्रिकोर तुफेंकियनचा होता, द्राक्षमळ्यातून थेट आलेला, चाकापासून टपापर्यंत धुळीनं माखलेला. तक्रार अशी, की पेट्रोल भरायला लागलं की नोझल दर घोटाला टक करून बंद पडतं. गिऱ्हाईक सांगतं ते खरं मानायचं, पण आपल्या हातानं एकदा घडवून आणल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा गारबेदचा नेम होता. म्हणून तो ट्रक घेऊन ब्लॅकस्टोन रस्त्यावरच्या पंपावर आला होता. तक्रार खरी निघाली. टक. पुन्हा दाबलं, टक. मग टाकीच्या गळ्यातून एक गुळणी बाहेर आली आणि खाली पडली. टाकीला पेट्रोल नको होतं, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. हे कळायला त्याला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर होतो तो जुना आनंदही झाला. त्याच आनंदात तो उभा असताना मुलगी बोलली होती. एका क्षणात दोन गोष्टी. ट्रकचं काय बिघडलंय ते त्याला कळलं, आणि त्याचं स्वतःचं काय बिघडलंय ते एका अनोळखी पोरीला कळलं.

परतताना त्यानं दोन्ही काचा खाली केल्या. ऑगस्टची हवा भट्टीसारखी आत आली. वासाला घाबरून माणसं काचा उघडतात; तो मात्र वास येत नाही म्हणून घाबरला होता. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं सिगारेट पेटवली तेव्हा गारबेदनं बूट सीटखाली ओढून घेतले, जणू ते चोरीचे होते. फ्रेझ्नो शहरात त्याच्या नाकाला त्याच्या तोंडापेक्षा जास्त लोक ओळखत. बाप लेवोन कानानं गाडी ओळखायचा, मुलगा नाकानं. बॉनेटपाशी उभं राहायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि सांगायचं: तेल एक्झॉस्टवर ठिबकतंय, मागच्या बाजूनं. क्लच गेला, चालवणारा नवशिका आहे. एकदा चर्चच्या पाद्र्यांच्या गाडीत नुसतं डोकं घालून त्यानं सांगितलं होतं, की आधी सीटखाली सांडलेलं दूध धुऊन काढा, इंजिनाचं मग पाहू. लोक त्याला लाडानं गारो म्हणत, हे सांगून हसत, आणि हसता हसता गाड्या त्याच्याकडेच आणत. इंजिनं बदलली, गाड्यांत संगणक आले, शेजारची दुकानं नवी यंत्रं घेऊन दमली, पण गारोचं नाक ते गारोचं नाक. त्याला स्वतःलाही त्याचा गर्व होता, आणि तो त्यानं कधी लपवला नव्हता. लपवायची वेळ आली ती नाक गेल्यावर. डिसेंबरात ताप आला, आठवडाभर राहिला, गेला. सहा जानेवारीला, म्हणजे त्यांच्या चर्चचा नाताळ असतो त्या दिवशी, तो प्रार्थनेला बसला होता. धुपाटणं हलवत पाद्री जवळून गेले, आणि धूर आला. नुसता धूर. डोळ्यांना झोंबला, पण तो कुठून आला, कशाचा आला, काहीच नाही. लहानपणापासून त्या वासाबरोबर आईचा काळा कोट यायचा, मेणबत्त्या यायच्या, थंडीत बोटांत धरलेली बापाची बोटं यायची. यांतलं कुणीच आलं नाही. आझनीव, त्याची बायको, शेजारी बसून गात होती. त्यानं तिला सांगितलं नाही. त्यानंतर तिनं केलेल्या प्रत्येक कॉफीला तो न चुकता "छान झालीय" म्हणत आला होता; एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "जळली नाही ना?" तेव्हाही म्हणाला, छान झालीय. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनं ती कॉफी मोरीत ओतली.

येईल परत, असं तो स्वतःला सांगत असे. एप्रिलपर्यंत सांगितलं. मग सांगणं सोडून दिलं आणि नुसतं नाटक ठेवलं: बॉनेटपाशी उभं राहणं, डोळे अर्धे मिटणं. बाकी सगळं कान, हात आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावर निभावून जाई, आणि निभत होतं हेच वाईट होतं. कारण ज्याला पेट्रोलचा वास येत नाही त्यानं पेट्रोलच्या गाडीखाली उभं राहू नये, ही गोष्ट त्यानं स्वतः कितीतरी पोरांना शिकवली होती. वासाचं काम नुसतं दोष सांगायचं नसतं. माणसाला वेळेवर बाहेर पळवायचं असतं. हे त्याला माहीत होतं. म्हणजे रोज सकाळी शटर वर करताना तो दुसऱ्या कुणाचा तरी जीव आपल्या खोटेपणावर टांगत होता, आणि सांगावं तर शटर कायमचं खाली. मग गारबेद मार्डिगियन सकाळी उठून जाणार कुठं? बागेत बसून सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत? ते त्याच्याहून चांगले खेळत.

दुकानात त्याची मेकॅनिक ओरालिया कांतू गाड्या उचलायच्या लिफ्टजवळ उभी होती. धुळीसाठी लावायचा मास्क तिच्या तोंडावर होता. ऑगस्टमध्ये, मळ्यांतली धूळ उठली की ती तो दिवसभर लावायची, दमा होता तिला. इतक्या वर्षांत तिनं सुट्टी मागितल्याचं गारबेदला आठवत नव्हतं, आणि तोंड मिटल्याचंही. खुर्चीवर क्रिकोर बसला होता, मांडीवर द्राक्षांची पेटी घेऊन, आणि ओरालिया त्याच्या समोरच द्राक्षं खात होती. एक एक मास्कखालून आत सरकवत.

"बघ गारो, बघ," क्रिकोर म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद व्हायचाय, त्याआधी खायची नसतात, म्हणून मी स्वतः मालक असून एक मणी तोंडात टाकलेला नाही, आणि ही बाई माझ्या डोळ्यांदेखत अर्धी पेटी संपवतेय."

"तुमच्या देवाला द्राक्षांचे हिशेब ठेवायचेत, द्राक्षवाले. माझा देव वेगळा आहे, तो म्हणतो पिकलं की खा," ओरालिया म्हणाली. मग गारबेदकडे वळून, "उस्ताद, बूट बाहेर काढून ठेवा. मला डोकेदुखी नकोय."

त्यानं निमूटपणे बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि जुनी चप्पल घातली. तिला कसं कळलं, हे त्याच्या मनात आलं नाही. ओरालियाला नेहमीच सगळं कळत असे आणि त्याबद्दल ती नेहमीच कुरकुरत असे.

"काय झालंय माझ्या ट्रकला?" क्रिकोरनं विचारलं. "टाकीचं झाकण बदललं. मग पुतण्या म्हणाला हलकं झाकण आहे, म्हणून दुसरं आणलं. सगळे म्हणतात कुठंतरी गळतंय."

"गळत नाहीय. उलट आहे. गुदमरतोय," गारबेद म्हणाला. तो ट्रकच्या बाजूला गेला आणि त्यानं सगळ्यांनी ऐकावं म्हणून झाकण हळूच फिरवलं. हवा आत शिरली. लांब, ओढ घेत, पोहून वर आलेल्या माणसासारखी. क्रिकोरनं मांडीवरची पेटी खाली ठेवली. "ऐकलंस? बाहेर नाही येत, आत जातेय. पंपावर आतली बाहेर पडत नव्हती, इथं येईपर्यंत इंजिनानं आतली ओढली आणि बाहेरची आत येत नाही. वाट एकच आहे, आणि ती बुजलीय."

त्या वाटेवर गारबेदचं मनापासून प्रेम होतं. तरुणपणी बापाच्या दुकानात असे डबे नव्यानंच दिसायला लागले होते, टाकीला नळीनं जोडलेले, आणि लेवोन त्यांना सरकारनं घातलेली कुबडी म्हणायचा. गारबेदनं एका भंगार गाडीचा डबा करवतीनं कापला. आत कोळसा. बारीक, काळा, कोरडा कोळशाचा चुरा, दुसरं काही नाही. टाकीत पेट्रोल रात्रंदिवस उडत असतं, आणि ती वाफ पूर्वी सरळ हवेत जायची. उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगेवरची हवा थरथरायची ती त्यानंच. आता ती वाफ या कोळशात येऊन बसते. कोळसा तिला धरून ठेवतो, आणि गाडी सुरू झाली की इंजिन तीच वाफ ओढून घेतं आणि जाळतं. डब्याच्या पलीकडच्या तोंडाला एक नळी, बाहेर उघडी: टाकीतलं पेट्रोल कमी झालं की त्या वाटेनं हवा आत यावी, भरताना बाहेर जावी, आणि दोन्ही वेळा कोळशातून गाळून. त्या दिवशी कापलेला डबा हातात धरून तो बराच वेळ बसला होता. कुणाला सुचलं असेल हे? घरात शिळी भाकरीसुद्धा वाया न घालवणाऱ्या बाईचंच हे डोकं असणार, असं त्याला वाटलं होतं, आणि अजूनही वाटे. पुढं त्यानं कितीतरी यंत्रं पाहिली, पण न दिसणाऱ्या वस्तूची इतकी काळजी घेणारं दुसरं पाहिलं नाही. त्या डब्याच्या तोंडाशी नाक नेलं की यायचा तो वास गोड होता, जड होता, थोडा शाळेच्या नव्या वह्यांसारखा. त्याला आठवत होतं की तो तसा होता. पण आठवणीतही आता फक्त शब्दच उरले होते.

ओरालियानं स्कॅनर जोडला आणि इंजिन सुरू केलं. टाकीतल्या दाबाचा आकडा पडद्यावर खाली खाली सरकला. तिनं इंजिनाची ओढ थांबवली. आकडा वर यायला हवा होता. तो जिथल्या तिथं राहिला. "बाहेरच्या नळीवरची झडप उघड," गारबेद ट्रकखालून म्हणाला, आणि त्याच्या बोटाखाली झडपेनं टक केलं. "उघडली. ती बिचारी तिचं काम करतेय. आकडा?" "ढिम्म," ओरालिया म्हणाली. लिफ्ट वर गेली. आता त्यानं बाहेरच्या टोकापासून सुरुवात केली. आतून सुरुवात करणारा मेकॅनिक आळशी असतो असं तो म्हणे, कारण आतला भाग बदलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. आधी नळीच्या टोकाची जाळी काढली. धुळीनं भरलेली होती, पण आकडा हलला नाही. मग झडप मोकळी केली. नाही हलला. मग डब्याच्या तोंडातली नळीच उपसली, म्हणजे आता डबा आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काहीच उरलं नव्हतं. "आता?" "केसभर," ओरालिया म्हणाली. "परत ढिम्म." म्हणजे डबाच. वाट डब्याच्या आत बुजली होती. कामाच्या ओघात गारबेद बुटांचं, मुलीचं, सगळं विसरला होता. एक एक सांधा मोकळा करत आत जायचं आणि जिथं उत्तर मिळेल तिथं थांबायचं, यात जे सुख होतं ते अजून त्याचंच होतं, तापानं नेलं नव्हतं.

पण आता पुढचा प्रश्न होता, आणि तो नाकाचा होता. डबा नुसत्या धुळीनं बुजलाय की आत पेट्रोल शिरून कोळसा भिजलाय? कोरडा असेल तर एक, ओला असेल तर दुसरं काम. पूर्वी हा प्रश्न प्रश्नच नव्हता. क्रिकोर खुर्ची पुढं ओढून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर गारबेदला तो जुना, लहान मुलासारखा भाव दिसला, आता गारो वास घेणार. गारबेदनं उपसलेली नळी नाकाशी नेली. डोळे अर्धे मिटले. आत काहीच नव्हतं, एका रिकाम्या खोलीत उभं राहून दार वाजवावं तसं. जाळीतली धूळ त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यावर भरवसा ठेवून तो म्हणाला, "कोरडा आहे. नुसती धूळ." आणि खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं बापाची जुनी बत्ती, तारेच्या पिंजऱ्यातला तो पिवळा गोळा, हुकावरून काढली, दुसऱ्या हातानं डबा आपल्याकडे कलता केला आणि तोंडात डोकावून पाहायला बत्ती जवळ नेली.

"बत्ती!" ओरालिया ओरडली. ती दोन ढांगांत भिंतीपाशी गेली आणि तिनं वायर उपसली. गोळा विझला. डब्याच्या तोंडातून एक थेंब ओघळला, थांबला, आणि खाली पडला, बत्तीच्या पिंजऱ्यापासून वीतभर अंतरावर. मग दुसरा पडला. सिमेंटवर काळा डाग पसरू लागला. "पेट्रोल आहे, उस्ताद. भिजलाय डबा. मला तिथून येतोय वास."

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला. मग क्रिकोर चाचरत हसला आणि म्हणाला, "गारो, तू तर म्हणालास कोरडा आहे."

सर्दी झालीय, हे शब्द गारबेदच्या जिभेवर तयार होते. चांगले, घरगुती शब्द होते, आणि क्रिकोरनं ते आनंदानं मानले असते. विझलेला गोळा त्याच्या हातात अजून गरम होता. त्यानं ओरालियाकडे पाहिलं. तिचा मास्क गळ्यात लोंबत होता. ओरडण्याआधी तिनं तो खाली ओढला होता, कारण त्या मास्कमधून वास नीट कळत नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे त्यानं नळी नाकाशी नेली तेव्हाच तिनं तो ओढला होता. ती डब्याकडे पाहत नव्हती, थेंबांकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती, राग होता, पण आश्चर्य नव्हतं. अजिबात नव्हतं.

"मला वास येत नाही," गारबेद म्हणाला.

"आज?" क्रिकोरनं विचारलं.

"डिसेंबरपासून. कसलाच नाही."

क्रिकोरनं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "धुपाचा?"

"नाही."

"आझनीवच्या हातच्या, सारण भरलेल्या द्राक्षपानांचा?"

"नाही रे."

"आणि तिला सांगितलं नाहीस." तो उठून उभा राहिला. "मूर्खा, पेट्रोलनं नाही मेलास तर ती मारेल तुला. आणि मला माझ्याच ट्रकखाली भाजून काढत होतास, तेही आशीर्वादाच्या आधी!" पण त्याचा हात गारबेदच्या खांद्यावर आला होता आणि तिथंच राहिला.

"मला माहीत होतं," ओरालिया म्हणाली. तिनं लाकडाचा भुसा आणून डागावर टाकायला सुरुवात केली होती. "त्या टॅक्सीवाल्याची गाडी आली होती ना, थंडीत? आत उंदीर मरून पडलेला. मी दारातून परत फिरले. तुम्ही आत बसलात, दार लावून घेतलंत आणि सँडविच खाल्लंत."

क्रिकोरला हसू आवरेना. गारबेदनं विझलेली बत्ती हुकाला लावली. "मग बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"बोलत नव्हते? तेव्हापासून तोंड बंद नाही माझं!"

आणि मग त्याला ते सगळं ऐकू आलं. इतके महिने कानावर पडून वाया गेलेलं. "अरे देवा, काय हे कूलंट, डोकं उठलं." "कुणाचा क्लच जळतोय हा, मला तर ओकारी येईल." "उस्ताद, त्या निळ्या गाडीखाली कच्चं पेट्रोल मारतंय, आधी दारं उघडा, मग भांडा माझ्याशी." "तुमच्या डब्यातलं जेवण आंबलंय, फेका ते." प्रत्येक गाडीला, प्रत्येक सकाळी. त्याला वाटायचं ही म्हातारी होत चाललीय, किरकिरी झालीय. एकदा त्यानं घरी आझनीवला सांगितलंही होतं, की ओरालियाचं अलीकडं काही खरं नाही. आणि जानेवारीत तिनं आणलेली ती पांढऱ्या उजेडाची थंड बत्ती, जी तो हट्टानं वापरत नव्हता. आणि बापाची बत्ती, जी सारखी हरवायची, कधी टायरांमागं, कधी कपाटावर, आणि तो शोधून आणायचा आणि तिच्यावर खेकसायचा. ती त्याचं नाक झाली होती, आणि त्याला कळू न देता झाली होती, कुरकुरण्याच्या आडून, म्हणजे त्याला वाटावं की निदान आपण मालक आहोत आणि ही नोकर आपलं डोकं खातेय. दम्याची बाई; मास्क खाली ओढून दर वेळी ती घाण छातीत भरून घेणारी. गारबेदनं आयुष्यात कसबी माणसं पाहिली होती, स्वतःलाही त्यांतच धरत होता, पण इतक्या बारकाईनं, इतके दिवस, कुणाला न दिसता केलेलं काम त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला तिचं कौतुक वाटलं. इतकं की शरम वाटायलाही जागा उरली नाही.

"मग मी दुकान बंद करू?" त्यानं विचारलं. प्रश्न खरा होता, आणि तो तिलाच विचारायला हवा होता हे त्याला आता दिसत होतं.

ओरालियानं झाडू भिंतीला टेकवला. "ते तुमचं तुम्ही ठरवा. ती बत्ती मात्र पुन्हा दिसली तर मी हातोड्यानं फोडीन, तुमच्या बापाची असली तरी. आणि बंद करायचं तर आधी हे सांगून करा, की डबा बुजला का? मला वास आला, उस्ताद. कारण नाही आलं."

गारबेद नव्या बत्तीच्या पांढऱ्या उजेडात उभा राहिला. दारं दोन्ही बाजूंनी सताड उघडी होती. जाळीत धूळ, डब्यात पेट्रोल. धूळ बाहेरून आली, पण बाहेरची धूळ जाळीपाशी थांबते; ती डब्याच्या पोटापर्यंत जात नाही, कुणी नेल्याशिवाय. त्यानं क्रिकोरच्या कपड्यांकडे पाहिलं. ट्रक धुळीनं माखलेला आणि माणूस स्वच्छ, टोपीवरसुद्धा कण नाही.

"क्रिकोर, कॉम्प्रेसरची हवा मारलीस?"

"कुठं?"

"तू सांग कुठं."

"अरे, मळ्यातून आलं की सगळ्यालाच मारतो. रेडिएटर, सीट, टोपी, कुत्रा. शेजारचा बदामाची झाडं झाडतो तेव्हा धुळीनं श्वास घेता येत नाही. सगळेच मारतात." मग थोडं थांबून, "ती नळी मागं लोंबत होती. टोकाला धुळीचा बोळा दिसला. म्हटलं, उडवून टाकू. दोनचारदा मारली. चांगली जोरात."

"बोळा बाहेर आला?"

"नाही. गेला."

"कुठं गेला?" गारबेदनं विचारलं, आणि क्रिकोरनं मान वर करून त्या काळ्या डब्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्याचे कान लाल झाले. बोळा आत गेला होता, कोळशात. पुढं पंपावर नोझल टकटक करायला लागलं तेव्हा क्रिकोर हट्टानं थेंब थेंब करून गळ्यापर्यंत भरत राहिला, कारण गावाबाहेर जाताना टाकी काठोकाठ हवी हे त्याला बापानं शिकवलं होतं. आणि वर जागा न उरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून डब्यात उतरलं. धूळ आणि पेट्रोल मिळून चिखल. "मळा स्वच्छ करायचा असतो तसा ट्रक केलास," गारबेद म्हणाला. "दोष कुणाचा नाही. पण यापुढं हवा टोपीला मार, कुत्र्याला मार, या नळीला नको."

ओरालिया ऐकत होती. ती काही बोलली नाही, आणि हे इतकं क्वचित घडे की गारबेदनं तिच्याकडे वळून पाहिलं. ती मान हलवत होती, एखाद्या चांगल्या जेवणाला हलवावी तशी.

नवा डबा दुपारी आला. त्यांनी तो दोघांनी मिळून बसवला, नळी धुतली, जाळी बदलली. आकडा खाली गेला आणि झडप उघडताच सरळ वर आला. क्रिकोर स्वतः पंपावर जाऊन टाकी भरून आला आणि रस्त्यातूनच ओरडून सांगू लागला की एकदाही अडलं नाही, नोझल सोडून मी टोपी ठीक करत उभा राहिलो. मग तो आझनीवला फोन करायची धमकी देऊन निघून गेला. गारबेदनं दारापाशी बसून चेहऱ्यावर पाणी मारलं. दुकान बंद करायचं की नाही, ते अजून ठरलं नव्हतं. आतून ओरालियाचा आवाज येत नव्हता. तिला आता कुरकुरायचं कारण उरलं नव्हतं, आणि तिच्या गप्प बसण्यानं त्याला एकदम अंधारात उभं राहिल्यासारखं झालं. आता वास कुणी सांगणार नव्हतं, त्यानं विचारल्याशिवाय.

तेवढ्यात एक जुनी तपकिरी गाडी आवाज करत आत शिरली. चालवणारी बाई क्लोविस गावची होती, शाळेत चित्रकला शिकवणारी. तिनं गारबेदचं नाव ऐकलं होतं, येत होती पहिल्यांदाच. तिनं बॉनेट उघडलं, मागं सरकली आणि हात बांधून गारबेदकडे पाहत उभी राहिली. "माझी बहीण म्हणाली, तुम्ही नुसत्या वासानं सांगता."

गारबेद बॉनेटपाशी गेला. सवयीनं डोळे अर्धे मिटू लागले होते. त्यानं ते उघडले आणि पूर्ण आवाजात, बाईलाही ऐकू जाईल असा, मागं वळून विचारलं, "ओरालिया, कसला वास आहे?"

ती हात पुसत आली. बाईनं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. ओरालियानं मास्क काढून खिशात ठेवला, इंजिनावर वाकली आणि सावकाश श्वास घेतला, लपवायचं काही नसलेल्या माणसासारखा. "जळकं रबर," ती म्हणाली. "पट्टा. नाही, थांबा. पट्टा आहेच, पण त्याच्याखाली काहीतरी गोडसर आहे. पाकासारखं."

"गोडसर डावीकडे जास्त की उजवीकडे?"

"डावीकडे. खाली."

गारबेदनं हात पट्ट्यामागून खाली घातला. बोटांना ओलं, चिकट लागलं, आणि फिरवून पाहिल्यावर जिथं जड जायला नको तिथं जड गेलं. "पाण्याचा पंप," तो बाईला म्हणाला. "तो अडकतोय, कूलंट गळतंय, आणि पट्टा त्याच्यावर घासून जळतोय. उद्या दुपारी न्या."

"पण सांगितलं कुणी?" बाईनं गोंधळून विचारलं. "तुम्ही की यांनी?"

"तिनं," गारबेद म्हणाला, आणि बोर्डावर दिवसाच्या कामांखाली नवी गाडी लिहायला गेला.